हार्पला दिलेला हुंकार

आम्हा धनगरांत ओव्या गाणारा एकटा गात नाही. तो थोडं गातो, थोडं सांगतो, आणि दम घ्यायला थांबला की समोर बसलेल्या एकानं "हां जी" म्हणायचं. याला हुंकार भरणं म्हणतात. हुंकार आला की गाणाऱ्याला कळतं, माणूस ऐकतोय, पुढं जायला हरकत नाही. नाही आला तर तो अडतो.

खुटबावात बिरोबाच्या देवळापुढं गेणबा गायचा आणि हुंकार मी भरायचो. मिसरूड फुटल्यापासून हेच चालत आलं होतं. तेव्हा आम्ही मेंढरं घेऊन कोकणाच्या तोंडापर्यंत जायचो. पुढं मेंढरं कमी झाली, कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आम्ही एका जागी बसलो. ओव्या तेवढ्या राहिल्या.

घरीसुद्धा तेच होतं. माझी बायको सगुणा लोकर कातता कातता काही ना काही सांगत बसायची. माहेरचं, शेजारणीचं, नाहीतर एखादी जुनी कथा. मी आडवा पडून हुंकार भरायचो. मला डुलकी लागली की ती गप्प व्हायची आणि ती गप्प झाली की मला जाग यायची.

आजारपणात उलटं झालं. तिला बोलायला दम पुरेना. मग मी सांगायचो आणि ती डोळे मिटून हुंकार भरायची. एके दिवशी सकाळी मी तिला उसाच्या पाण्याचं सांगत होतो. लाइट कधी येणार, मोटार कुणी चालू करायची, असलंच काहीतरी. आणि हुंकार आला नाही. मी तरी थोडा वेळ पुढं सांगत राहिलो.

त्यानंतर मला गाण्यात बसवेना. गेणबा ओवी धरायचा, पहिल्या थांब्याला सगळे माझ्याकडं बघायचे आणि माझा हुंकार यायचा नाही. मी उठून घरी यायचो. ओवीत कुणाची बायको असायची, कुणाचा संसार असायचा, आणि शब्द आला की मला सगुणा दिसायची. गेणबानं दुसरा माणूस बसवून पाहिला. तो कुठंही "हां जी" म्हणायचा. गेणबाचं वाक्य अर्ध्यात असायचं आणि याचा हुंकार येऊन पडायचा. शेवटी गेणबानं गाणंच सोडलं. मला कधी एका शब्दानं बोलला नाही. पण देवळापुढून जाताना आम्ही दोघंही खाली बघून जायचो. बायको माझी गेली आणि गाणं त्याचं गेलं, हे मला फार लागून राहिलं होतं.

दोन हजार तीन साली, माघात, माझा मुलगा हनुमंत कंपनीचा टेम्पो घेऊन घरी आला. तो रांजणगावला एका परदेशी कंपनीत टेम्पोवर आहे आणि सुनेसह शिरूरला राहतो. केडगावला माल टाकून तो वाकडी वाट करून खुटबावात आला होता. गेणबा माझ्या ओट्यावरच बसला होता.

"आबा, घोंगड्या किती हायती घरात?" हनुमंतानं आल्या आल्या विचारलं.

"कुणाला थंडी वाजतीय?"

"थंडी न्हाई. साहेबाच्या बायकोची हार्प न्यायचीय उद्या दौंडला. वाजवायचं यंत्र हाय. माणसापरीस उंच, सगळ्या तारा आन् तारा. साहेब म्हणला, गादीत गुंडाळू. मी म्हणलं गादी सरकती, घोंगडी धरून ठेवती."

घरात होत्या त्या सगळ्या घोंगड्या सगुणानं कातलेल्या लोकरीच्या होत्या. सणगराकडून विणून घेतलेल्या. ती गेल्यापासून मी त्या उन्हात घालून परत घडी करून ठेवत होतो, पांघरत नव्हतो.

"नेतो म्हणतोस, पण परत कोण आणणार?" मी म्हणालो.

"आणतो की, आबा."

"तू आणशील आन् एक टेम्पोत राहील, एक साहेबाच्या घरी. त्यापरीस मीच येतो. माझ्यासंगं जातील, माझ्यासंगं येतील."

गेणबा उठून धोतर झटकू लागला. "मग मी बी येतो. हितं एकटा काय करू, तुझी म्हस राखू?"

त्या दिवशी आम्ही शिरूरला हनुमंताकडं मुक्काम केला. साधनानं, माझ्या सुनेनं, पुरणपोळी केली. सासरा कितीतरी दिवसांनी घरी आला म्हणून ती खुश होती.

सकाळी साहेबाच्या बंगल्यावर गेलो. साहेब ऑस्ट्रियाचा, कंपनीत नव्या मशिनी बसवायला आलेला. त्याच्या बायकोचं नाव योहाना. साधना तिच्याकडं भाजी निवडायला आणि मराठी शिकवायला जायची. ती योहानाबाई म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणालो. पन्नाशीची बाई, उंच, केस पांढरे आणि बारीक कापलेले. तिनं एक घोंगडी हातात घेतली आणि नाकाला लावली. नवीन माणूस या वासानं तोंड फिरवतो. तिनं फिरवलं नाही. साहेबाला काहीतरी सांगून हसली.

हार्प दिवाणखान्यात उभी होती. मला पहिल्यांदा सणगराचा मागच वाटला, ताणा लावून कुणीतरी उभा करून ठेवलेला. एका बाजूला जाड खांब, वरती मोरासारखी वळलेली मान, आणि मध्ये तारा. काही तारा तांबड्या, काही काळ्या, बाकीच्या पांढऱ्या. घोड्यावर बिऱ्हाड लादताना आम्ही जसं बांधायचो तसं गेणबानं आणि मी तिला गुंडाळली. टेम्पोत आम्ही दोघं मागं बसलो, दोन बाजूंनी तिला धरून.

न्हावऱ्याच्या पुढं रस्ता खराब होता. हनुमंत बैलगाडीच्या चालीनं चालवत होता. तरी चाक खड्ड्यात गेलं की घोंगड्यांच्या आतून गुणगुणल्यासारखा आवाज यायचा आणि हळूहळू विरायचा.

"हिला बी दम न्हाई," गेणबा म्हणाला. "दौंड यायच्या आधीच सुरू झाली."

कार्यक्रम दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये होता. जुनी इमारत, उंच छत, लाकडी स्टेज. कॉलनीतल्या शाळेत मोनिका मॅडम म्हणून संगीताच्या शिक्षिका होत्या, त्यांनी हा कार्यक्रम ठरवला होता. आम्ही हार्प स्टेजवर चढवली आणि घोंगड्या सोडल्या. योहानाबाईंनी त्यातली एक मागून घेतली आणि हार्पच्या पायाखाली अंथरली, सरकू नये म्हणून. मग एक चावी घेऊन त्या एकेक तार लावायला बसल्या. एक तार वाजवायची, कान द्यायचा, चावी केसभर फिरवायची, परत वाजवायची. शेवटची तार लागेपर्यंत पहिली उकाड्यानं उतरलेली असायची. मग पहिलीपासून परत. कुठं चिडचिड नाही.

मोनिका मॅडमनी आम्हाला सांगितलं की यातल्या बऱ्याचशा तारा मेंढीच्या आतड्याच्या असतात.

गेणबा पुढं होऊन बघू लागला. "आपलं मेंढरू जितंपणी ओरडतं आन् ह्यांचं मेल्यावर गातं," तो म्हणाला. मॅडमनी हे योहानाबाईंना इंग्रजीत सांगितलं. त्या चावी खाली ठेवून हसल्या.

माझा बेत टेम्पोत बसून राहायचा होता. पण एक घोंगडी स्टेजवर होती आणि कार्यक्रम संपल्याशिवाय ती मिळणार नव्हती. टेम्पो उन्हात तापला होता. गेणबा म्हणाला, "शेवटच्या रांगेत बसू, दाराजवळ. तुला उठायचं झालं तर उठ." म्हणून बसलो. मनात उठायची तयारी ठेवूनच बसलो.

लोक जमले. रेल्वेतली माणसं, त्यांच्या बायका, शाळेतल्या बाई, कंपनीतले काही साहेब. हनुमंत आमच्या पुढच्या रांगेत बसला होता. मोनिका मॅडम स्टेजवर येऊन म्हणाल्या, "आज आपण ऐकणार आहोत ते संगीत अडीचशे वर्षांपूर्वीचं आहे. एकट्या हार्पसाठी लिहिलेलं. तबला नाही, पेटी नाही, गाणं नाही. तीन भाग आहेत. मधे टाळ्या वाजवू नका, त्या उठून उभ्या राहिल्या की वाजवा."

"अडीचशे म्हंजी कवाचं रं?" गेणबानं विचारलं.

"पानिपताच्या सुमाराचं," मी म्हणालो.

"म्हंजी अहिल्याबाई होत्या तवाचं," गेणबा म्हणाला आणि नीट मांडी घालून खुर्चीवर बसला. अहिल्याबाईंच्या काळचं म्हटल्यावर त्याला ते घरचंच वाटलं असावं.

पंखे खडखड करत होते, ते बंद केले. उकडायला लागलं. योहानाबाई स्टुलावर बसल्या, हार्प मागं ओढून उजव्या खांद्यावर टेकवून घेतली, आणि थोडा वेळ काहीच केलं नाही. मग सुरू झालं.

मला गाण्यातलं कळत नाही. ऐकलं ते सांगतो. आवाज मोठा नव्हता. सतारीसारखा ओढलेला नव्हता, की एकतारीसारखा घुमणाराही नव्हता. प्रत्येक सूर वेगळा, सुटा, हरभऱ्याच्या दाण्यासारखा गोल. एक वाजला आणि विझायच्या आत दुसरा त्याच्यावर यायचा. उजवा हात वरच्या बारीक तारांवर पळत होता आणि डावा हात खालच्या जाड तारांवर मोजून पावलं टाकत होता. सकाळी वाघरातून, जाळीच्या कुंपणातून, कोकरं सोडली की ती अशी पळतात, आणि मेंढका मागून आपल्या चालीनं येतो. पळणारी कितीही पळाली तरी त्याची चाल बिघडत नाही. बघायलाही बरं वाटत होतं. बोट तार सोडायचं आणि तळहाताशी मिटायचं. कधी त्या दोन्ही तळवे तारांवर ठेवून सगळा आवाज एकदम थांबवायच्या, आणि त्या शांततेतून परत एकच सूर निघायचा.

पहिला भाग संपला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी खुर्चीला टेकून बसलोय. दाराकडं पाहिलंच नव्हतं. यात शब्द नव्हते. कुणाची बायको नव्हती, कुणाचा संसार नव्हता. या सुरांनी सगुणाला कधी पाहिलं नव्हतं आणि सगुणानं त्यांना ऐकलं नव्हतं. म्हणून मला भीती वाटली नाही.

दुसरा भाग संथ होता. इतका संथ की पहिल्यांदा मला वाटलं, त्या विसरल्या. डाव्या हातानं एक सूर द्यायच्या, उजव्या हातानं दोन-तीन सूर जरा वळवून म्हणायच्या, आणि थांबायच्या. परत डावा, परत उजवा. एकजण विचारतंय आणि दुसरं विचार करून सांगतंय, असं. मधेच उजवा हात वर चढत चढत गेला, आता काहीतरी मोठं सांगणार असं वाटलं, आणि न सांगताच हळू खाली उतरला. खालचा हात तिथं वाट बघतच होता. दोघांनी मिळून शेवटचे सूर लावले. ते विझत गेले. योहानाबाईंचे हात हवेतच होते. हॉलमध्ये कुणी हललं नाही.

आणि त्या शांततेत मी मोठ्यानं म्हणालो, "हां जी."

मी म्हणायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. देवळापुढं द्यायचो तसा, पार पुढच्या माणसापर्यंत जाणारा हुंकार. सगळा हॉल मागं वळला. पहिल्या रांगेतून कुणीतरी "श्श" केलं. साहेब वळून बघू लागला. हनुमंतानं मान खाली घातली. उठायला म्हणून मी पुढच्या खुर्चीवर हात टेकला, तर गेणबानं माझ्या गुडघ्यावर त्याचा पंजा दाबून धरला.

"बस," तो हळूच म्हणाला. "ती बघ काय करती."

योहानाबाईंनी मान उचलून मागच्या रांगांकडं पाहिलं होतं. कोण बोललं ते त्यांना दिसलं नसावं. त्यांनी नुसती मान हलवली, खूण पोचल्यासारखी, आणि हात तारांवर ठेवून तिसरा भाग धरला. गेणबा अगदी असंच करायचा. हुंकार आला की मान हलवायची आणि पुढं निघायचं.

तिसरा भाग मी हसऱ्या तोंडानं ऐकला. खेळकर होता तो. एक चाल यायची, लपायची, दुसऱ्या तारांमागून डोकं काढायची. शेवटी त्या उठून उभ्या राहिल्या तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

लोक चहाला बाहेर गेले. गेणबा व्हरांड्यात माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुझ्या हुंकारासाठी मी किती दिस गळा फाडून गायलो," तो म्हणाला. "पाया पडायचं तेवढं राहिलं. मला हुंकार न्हाई दिलास आन् गोऱ्या बाईला दिलास व्हय?"

"आपसूक आला, गेणबा."

"आपसूक. माझ्या वक्ताला आपसूक घरी जायचास."

तो रागावल्यासारखं बोलत होता, पण त्याचे डोळे भरले होते. माझेही. आम्ही दोघंही रुळांकडं बघत चहा प्यायलो.

एवढ्यात मोनिका मॅडम आणि योहानाबाई आमच्याकडं आल्या. हनुमंत धावत मधे आला. "मॅडम, वडील हायत माझे. त्यांना माहीत नव्हतं. आमच्याकडं तशी पद्धत हाय, त्यांच्या ध्यानात..."

"अहो, त्या रागावल्या नाहीत," मोनिका मॅडम म्हणाल्या. "आवाज कुणी दिला ते विचारतायत."

मी हात जोडले. मॅडमनी आमच्या हुंकाराबद्दल विचारून घेतलं आणि त्यांना सांगितलं. योहानाबाई बराच वेळ बोलल्या. मग मॅडम मला म्हणाल्या, "त्या म्हणतात, हे संगीत लिहिलं त्या काळी तिकडेसुद्धा लोक असे गप्प बसत नसत. मधेच दाद देत. आवडलेला भाग परत वाजवायला लावत. आता सगळे शिस्तीत बसतात, त्यामुळे ऐकतायत की झोपलेत ते वाजवणाऱ्याला कळत नाही. त्यांना विचारायचंय, आबा, तुम्हाला कुठला भाग परत ऐकायचाय?"

"मधला," मी म्हणालो.

"का म्हणून विचारतायत."

"तिथं त्या थांबत थांबत जातात. दुसऱ्याला जागा ठिवतात."

योहानाबाई आत गेल्या. हॉल रिकामा झाला होता. माणसं खुर्च्या एकावर एक रचत होती. आम्ही तिघं या वेळी पहिल्या रांगेत बसलो, हनुमंत मधे. सुरू झाल्यावर खुर्च्यांचा आवाज थांबला. ती माणसंही होती तिथंच उभी राहिली.

अर्ध्यात बाहेरून मालगाडी आली. सगळा हॉल थरथरू लागला. योहानाबाईंनी तळवे तारांवर ठेवले आणि आमच्याकडं बघत बसून राहिल्या.

"मालगाडी हाय, लांबडी असंल," गेणबानं त्यांना मराठीतच सांगितलं. त्यांनी मान डोलावली. शेवटचा डबा गेला, आवाज पार मनमाडच्या बाजूला निघून गेला, तेव्हा जिथं थांबल्या होत्या त्याच सुरावर परत बोट ठेवून त्या पुढं निघाल्या.

या खेपेला सगुणा आठवली. तिनं विचारलं असतं, एवढ्या ताणलेल्या तारा, बाईची बोटं कापत कशी नाहीत. आणि घरी जाऊन शेजारणीला सगळं जसंच्या तसं सांगितलं असतं, थोडं वाढवून. ती माझ्या शेजारी बसून ऐकतेय असं काही वाटलं नाही. ती नव्हती. पण तिची आठवण आली आणि मी बसून होतो. संपेपर्यंत बसून होतो.

मग आम्ही हार्प गुंडाळायला घेतली. गेणबा दोरी ओढता ओढता म्हणाला, "रविवारी बसायचं का देवळाफुडं?"

"बसू," मी म्हणालो. "पण जरा दमानं गा. तू लई पळतोस. माणसाला मधी तोंड घालायला जागा देत न्हाईस."

गेणबानं दोरी सोडून हनुमंताकडं पाहिलं. "बघ रं तुझा बाप. एक दिस हार्प ऐकली आन् मला गाणं शिकवाया लागला."

"गेणबाआप्पा, दोरी धरा," हनुमंत म्हणाला. "हार्प कलंडतीय."

गेणबानं दोरी धरली. आम्ही तिला उचलून टेम्पोत चढवलं.